नावांचे यांत्रिक भरतकाम

नावांचे यांत्रिक भरतकाम : तयार वस्त्रावर व्यक्तीचे नाव, नाते, आद्याक्षरे किंवा एखादा छोटा मजकूर यंत्राच्या साहाय्याने दोऱ्याने भरण्याची कला व तिच्यावर आधारलेला व्यवसाय. शाळांचे गणवेश, खेळाडूंचे सदरे, रुग्णालयांतील कोट आणि हॉटेलांतील टॉवेल यांवरील बोधचिन्हे याच पद्धतीने भरली जातात. संगणकनियंत्रित यंत्रे लहान आकारात व तुलनेने कमी किंमतीत मिळू लागल्यावर एकेका व्यक्तीसाठी एकच नग भरून देणे परवडू लागले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या कामाला घरगुती भेटवस्तूंचे नवे क्षेत्र लाभले. आईसाठी भरलेले सदरे, टी-शर्ट व स्वेटशर्ट हा त्यातील ठळक प्रकार होय. डोहाळजेवण, बारसे, मुलाचा पहिला वाढदिवस व मातृदिन ही त्यांची निमित्ते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन अमेरिकेत १९१४ पासून अधिकृतपणे पाळला जातो. महाराष्ट्रात श्रावणातील पिठोरी अमावास्या हा परंपरेने मातृदिन मानला जातो, तथापि भेटवस्तूंच्या बाजारपेठेने मे महिन्यातील दिवसच स्वीकारलेला दिसतो.

वस्त्रावर नाव छापताही येते व ते स्वस्त पडते. परंतु छपाईचा रंग कापडाच्या पृष्ठभागावर बसतो, भरतकामाचा दोरा कापडाच्या आरपार जाऊन त्याच्या रचनेचाच भाग बनतो. भरलेले नाव अनेक धुण्यांनंतर टिकते ते यामुळे. चुकीचे भरलेले नाव सहजासहजी पुसता येत नाही, याचेही कारण हेच.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : कच्छी भरत, पंजाबची फुलकारी किंवा बंगालचा कांथा यांच्या तोडीची सर्वत्र पसरलेली भरतकामाची परंपरा महाराष्ट्रात दिसत नाही. मराठवाड्यात तर वस्त्राची शोभा प्रामुख्याने मागावर घडली. पैठणची पैठणी आणि औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हिमरू यांतील वेलबुट्टी विणताना उमटते, सुईने नव्हे. याला मोठा अपवाद बंजारा स्त्रियांच्या आरसे, कवड्या व रंगीत दोऱ्यांच्या भरतकामाचा. मध्यमवर्गीय घरांत कशिदा रुजला तो प्रामुख्याने शाळांतील शिवणवर्ग आणि स्त्रियांच्या मासिकांतील नमुने यांच्याद्वारे. बाळाची कुंची, टोपरे व दुपटे, उशांचे अभ्रे, हातरुमाल आणि लग्नातील रुखवतात मांडावयाचे पडदे व टेबलक्लॉथ ही त्याची ठरलेली क्षेत्रे होत. रुमालाच्या कोपऱ्यातील आद्याक्षर हे बहुतेक मुलींचे अक्षरभरणाचे पहिले काम असे.

वस्तूवर नाव घालण्याची हौस मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून तांब्या-पितळेच्या, पुढे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर नाव, प्रसंग व तारीख कोरून देणारा कारागीर सर्वांच्या परिचयाचा आहे. गोंदणातही नावे असत. पण या नावांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांत स्त्रीचे स्वतःचे नाव फार थोड्या ठिकाणी आढळते. घरातील भांड्यांवर बहुधा पतीचे वा सासऱ्याचे नाव असे. लग्नात तबकातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाई, म्हणजे तिचे जन्मनाव तेथे मागे पडे. उखाण्यात ती नाव घेई ते पतीचे. मूल झाल्यावर शेजारीपाजारी तिची ओळख ‘अमक्याची आई’ अशीच राही. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने पूर्ण नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. कागदोपत्री आईच्या नावाला मिळालेले हे स्थान बरेच उशिराचे आहे. आईसाठी भरलेल्या वस्त्रांवर काय लिहावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ नक्षीचा नाही. छातीवर मोठ्या अक्षरांत ‘आई’ आणि बाहीवर मुलांची नावे ही मांडणी सर्वाधिक प्रचारात आहे. तीत ज्या स्त्रीसाठी वस्त्र केले तिचेच नाव गाळलेले असते. गळपट्टीच्या खाली किंवा मनगटापाशी तिचे नाव लहान अक्षरांत भरून घेण्याचा पर्याय सोपा असून तो ग्राहकास सुचविणे इष्ट होय.

यंत्रांचा विकास : फ्रान्समधील म्यूलूझ येथील झोझ्वे हाइलमान याने १८२८ मध्ये हस्तचलित भरतकाम यंत्र तयार केले. त्यात उभ्या ताणलेल्या कापडाच्या दोन्ही बाजूंना चिमट्यांच्या रांगा असत आणि मध्यभागी नेढे असलेल्या दुटोकी सुया कापडातून या बाजूची त्या बाजूस दिल्या-घेतल्या जात. कामगार मोठ्या आकारातील रेखाटनावरून एक काटा फिरवी आणि त्याच्याशी जोडलेली कापडाची चौकट लहान प्रमाणात तीच हालचाल करी. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राचे तत्त्व घेऊन, म्हणजे सुईचा एक दोरा व धोट्याचा दुसरा दोरा एकमेकांत अडकवून, अखंड भरणारे यंत्र बनविले. त्यातील धोटा लहानशा होडीच्या आकाराचा असल्याने त्यास ‘शिफली’ हे नाव पडले. त्याच्या मुलाने १८९८ मध्ये या यंत्रास छिद्रित पट्टीची जोड दिली व हाताने काटा फिरविण्याची गरज संपविली. त्यापूर्वीच फ्रान्समध्ये बोनाझ व कॉर्नेली यांच्या नावांशी निगडित असलेले साखळी टाक्याचे यंत्रही प्रचारात आले होते. आपल्याकडील आरीकामात आकडीदार सुईने जो टाका घालतात, तोच ते यंत्र घालते.

घरगुती शिवणयंत्रावरही भरतकाम करता येते. त्यासाठी कापड पुढे सरकविणारे दाते खाली घेतात, दाबपट्टी काढतात आणि रिंगेत ताणलेले कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवितात. येथे सुई लेखणीसारखी स्थिर असून कागदच फिरतो असे म्हणता येईल. महाराष्ट्रातील शिवणवर्गांत ही पद्धत दीर्घकाळ शिकविली गेली व तिच्यात तरबेज झालेल्या स्त्रियांचे अक्षर धावत्या लिपीसारखे सहज उतरते. संगणकीय यंत्रावर हा सहजपणा आणणे आजही सोपे नाही.

अनेक डोक्यांची आधुनिक यंत्रे मुख्यतः जपानमध्ये विकसित झाली. ताजिमा व बारुदान ही त्या क्षेत्रातील प्रमुख नावे होत. १९८० च्या सुमारास संगणकावर नमुना आखून तो यंत्रास देण्याची सोय झाली. आरंभी ही माहिती कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदवीत. पुढे चकत्या आल्या, नंतर हातात मावणारे स्मृतिसंच. छिद्रे गेली, पण नमुना यंत्राच्या भाषेत उतरविण्याच्या कामास भारतीय बाजारात अजूनही ‘पंचिंग’ असेच म्हणतात. सुरत हे भारतातील यांत्रिक भरतकामाचे फार मोठे केंद्र असून तेथील यंत्रे मुख्यतः साड्या व ड्रेसचे कापड भरतात. नावे भरण्यासाठी मात्र एका डोक्याचे व अनेक रंगांच्या सुयांचे यंत्र पुरेसे असते.

कापड, दोरा व आधार : टी-शर्ट व स्वेटशर्ट यांचे कापड विणमाग्यावरील ताण्याबाण्याचे नसते, ते फासे एकमेकांत गुंतवून केलेले होजिअरी प्रकारचे असते. ते सर्व बाजूंनी ताणले जाते, विशेषतः आडव्या दिशेने. स्वेटशर्टाच्या आतील बाजूस लव काढलेली असते. असे कापड रिंगेत ताणून बसविले व भरून झाल्यावर सोडले, तर ते मूळ आकारात परत येते आणि भरलेल्या अक्षरांभोवती सुरकुत्या पडतात. म्हणून कापड ताणावयाचे नाही, फक्त सपाट बसवावयाचे, हा पहिला नियम. ताण सोसण्याचे काम खाली लावलेल्या न विणलेल्या कापडाने करावयाचे असते. त्यास व्यवहारात ‘बॅकिंग पेपर’ म्हणतात. त्याचे फाडून काढावयाचे व कापून काढावयाचे असे दोन प्रकार आहेत. ताण्याबाण्याच्या कापडाच्या सदऱ्यास पहिला चालतो. होजिअरीस दुसराच हवा, कारण पेपर फाडून काढला की पहिल्याच धुण्यात अक्षरे आक्रसू लागतात. लवदार किंवा जाड कापडावर टाके बुडू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा घालतात. सुई गोलसर टोकाची वापरतात. ती फाशांचे धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढते. धारदार सुईने पडलेले बारीक भोक त्या दिवशी दिसत नाही, काही धुण्यांनंतर मोठे होते.

वरचा दोरा व्हिस्कोज रेयॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. रेयॉनची चमक मृदू असते, पण ओले असताना त्याची ताकद घटते व विरंजकाने तो बिघडतो. रोज धुतल्या जाणाऱ्या वस्त्रास पॉलिएस्टर अधिक योग्य. तान्हे मूल असलेल्या आईच्या वस्त्रासाठी आणखी पथ्ये आहेत. खांद्यावर व छातीवर बाळाचे तोंड घासते, तेथे जरीचा दोरा, टिकल्या व मणी टाळावेत. उलट बाजूस बॉबीनच्या दोऱ्याच्या गाठी व पेपरच्या कडा राहतात. त्या अंगास टोचू नयेत म्हणून इस्त्रीने चिकटणारे मऊ, पातळ कापड आतून लावतात. हे अस्तर न लावता दिलेला सदरा पुष्कळदा कपाटातच राहतो.

देवनागरी अक्षरांची रचना : भरीव अक्षरांसाठी सर्वसाधारणपणे सॅटिन टाका वापरतात. त्यात दोरा अक्षराच्या रेघेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आडवा टाकत पुढे जातो. एकाच कडेवरील लागोपाठच्या दोन टाक्यांतील अंतर सु. ०.४ मिमी. असते. रेघेची रुंदी १ मिमी. पेक्षा कमी झाली तर टाके एकमेकांवर चढतात, ७-८ मिमी. पेक्षा जास्त झाली तर लांब दोरे सैल पडून अडकू लागतात. प्रत्येक टाका कापडास आपल्या दिशेने ओढतो. त्यामुळे संगणकावर ५ मिमी. रुंद आखलेली रेघ कापडावर त्यापेक्षा बारीक उतरते आणि तिची टोके मात्र थोडी पुढे सरकतात. हे गृहीत धरून पंचिंग करणारा रेघ मुद्दाम जाड व आखूड आखतो. सॅटिनच्या खाली आधी विरळ टाक्यांचा एक थर घालतात. त्याने कापड व पेपर एकत्र बांधले जातात आणि वरच्या टाक्यांस उठाव येतो.

रोमन लिपीतील अक्षरे सुटी असतात. त्यांतील एखादे अर्धा मिमी. इकडेतिकडे झाले, तरी डोळ्यास जाणवत नाही. देवनागरीत सर्व अक्षरे एका शिरोरेषेला टांगलेली असतात; तेथे तेवढाच फरक पडला तर रेघ तुटल्यासारखी दिसते किंवा अक्षर तिच्यापासून निसटते. म्हणून देवनागरी शब्द अक्षरांची रांग म्हणून न आखता एकसंध आकृती म्हणून आखावा लागतो. काने व उभ्या रेघा यांचे टाके आडवे पडतात व होजिअरीच्या सर्वाधिक ताणल्या जाणाऱ्या दिशेनेच ओढतात, त्यामुळे त्यांना शिरोरेषेपेक्षा अधिक वाढीव रुंदी द्यावी लागते. भरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. शिरोरेषा आधी भरली तर नंतरची अक्षरे तिला खाली ओढतात व ती लाटेसारखी होते. मधल्या अक्षरापासून आरंभ करून दोन्ही कडांकडे जावे आणि शिरोरेषा शेवटी एका दमात भरावी. अक्षरांची वरची टोके तिच्याखाली जेमतेम शिरतील एवढीच ठेवावीत. ती पूर्ण आत नेली तर टाक्यांचा थर दुप्पट होऊन तेथे कडक गाठी बनतात व सुई मोडते.

मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार ही खरी कसोटी होय. ‘आई’ हा शब्द दोनच अक्षरांचा; परंतु त्यातील ई च्या डोक्यावरील आकडी लवदार कापडात बुडाली, की त्याचा ‘आइ’ होतो. अनुस्वाराचा ठिपका फार लहान घेतला तर सुई एकाच जागी वारंवार टोचून कापडाला भोक पाडते. ‘श्रद्धा’, ‘कृष्णा’ किंवा ‘लक्ष्मी’ यांसारख्या नावांतील जोडाक्षरांची पोकळी दोऱ्याने भरून गेल्यास नाव वाचता येत नाही. रोमन अक्षरे ५-६ मिमी. उंचीचीही स्वच्छ उतरतात. देवनागरीत मात्रा व उकार वगळून अक्षराची उंची १० मिमी. च्या आसपास तरी ठेवणे श्रेयस्कर. बाहीच्या मनगटापाशी तीन मुलांची नावे एका ओळीत बसविण्याचा आग्रह ग्राहक धरतात. तेथे नावे एकाखाली एक घेणे किंवा सॅटिन सोडून साधा धाव टाका वापरणे हाच उपाय.

भरतकामाच्या अनेक संगणकप्रणालींत मूलतः रोमन वर्णमालेच्याच तयार मुळाक्षरांचा भरणा असतो. देवनागरी नाव त्यांत टंकित करून चालत नाही. ते चित्र म्हणून आत घेऊन रेघारेघांनी आखावे लागते. तयार देवनागरी टंक मिळाले तरी ते हिंदी वळणाचे असण्याचा संभव असतो. मराठीतील देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल यांना महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयाने प्रमाण मानले आहे. ‘शैला’ किंवा ‘लीला’ हे नाव परक्या वळणात भरलेले मराठी डोळ्यास खटकते, मग कारण सांगता आले नाही तरी. ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नियमाने ‘सुनीता’ दीर्घ असले, तरी कित्येक स्त्रिया स्वाक्षरी ‘सुनिता’ अशी करतात. वस्त्रावरील नाव तिच्या स्वाक्षरीप्रमाणे भरावे. शुद्धलेखनाची दुरुस्ती करण्याचे हे स्थान नव्हे. नाव कागदावर लिहून घेणे व भरण्यापूर्वी संगणकावरील आकृती दाखवून मान्यता घेणे ही शिस्त ज्या दुकानांत पाळली जाते, तेथे वाया जाणारे नग थोडे असतात.

कापडजोड व हस्ताक्षर : नावे भरण्याची एक रीत कापडजोडीची आहे. बाळाला लहान झालेल्या झबल्याचे, दुपट्याचे किंवा अंगरख्याचे कापड कापून त्याची ‘आई’ ही अक्षरे स्वेटशर्टावर जोडतात. यंत्र प्रथम अक्षराची बाह्यरेखा धाव टाक्याने आखते. तिच्यावर जुने कापड ठेवतात. दुसऱ्या फेरीत ते टाचले जाते. मग यंत्र थांबवून रेषेबाहेरचे कापड बारीक कात्रीने कापतात आणि शेवटी कडा सॅटिनने झाकतात. धुऊन धुऊन विरलेल्या झबल्यामागे आधी इस्त्रीचे चिकटकापड लावले नाही, तर ते कडेवरून सुटते. आईच्या जुन्या साडीची गोधडी मुलासाठी शिवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती. येथे प्रवास उलट दिशेने होतो. दुसरी रीत मुलाच्या हस्ताक्षराची. पहिलीतील मुलाने पाटीवर वा वहीत लिहिलेले ‘आई’ हे तसेच आखून भरतात. येथे पंचिंग करणाऱ्याचा सराईत हात आड येतो: तो तिरकी शिरोरेषा सरळ करतो, अर्धवट राहिलेला काना पूर्ण करतो. तसे केल्यास भरण्याजोगे काही उरत नाही.

व्यवसाय : या व्यवसायातील वस्त्रे बहुतांशी बाहेरून येतात, होजिअरी टी-शर्टांसाठी तमिळनाडूतील तिरुप्पूर, तर लोकर व स्वेटशर्टांसाठी पंजाबातील लुधियाना ही प्रमुख केंद्रे होत. जालना जिल्हा कापूस पिकवितो; त्याच कापसाचा टी-शर्ट शेकडो किलोमीटरचा फेरा करून जिल्ह्यात विक्रीस येऊ शकतो. धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्री (ता. अंबड) यासारख्या बाजाराच्या गावी या व्यवसायास वाव आहे काय, हे ठरविताना यंत्राच्या वेगापेक्षा इतर गोष्टी पाहाव्या लागतात. ४ सेंमी. उंचीच्या ‘आई’ या शब्दास मांडणीनुसार सु. २,००० ते २,५०० टाके लागतात. मिनिटास ६०० टाक्यांच्या वेगाने ते काम सुमारे चार मिनिटांत संपते. परंतु सदरा नेमक्या जागी रिंगेत बसविणे, दोरे कापणे, पेपर कातरणे, अस्तर लावणे व इस्त्री करणे यांस त्याच्या कित्येक पट वेळ जातो. यंत्र मोकळे राहते ते माणसाचे हात गुंतलेले असतात म्हणून. त्यामुळे एकाच घरातील वा बचत गटातील दोघींनी मिळून काम केल्यास एक यंत्र चांगले चालते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) व पुढे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांनी बचत गटांच्या उद्योगांस चालना दिली आहे.

पंचिंग दुसऱ्या शहरातून करवून दूरध्वनीवर मागविता येते, म्हणून ते गावातच शिकलेले असले पाहिजे असे नाही. मात्र दूरच्या माणसाला मराठी वळण व नावाचे लेखन कळविण्याची जबाबदारी दुकानावर राहते. वीज गेल्यास बहुतेक यंत्रे थांबलेल्या टाक्याची नोंद ठेवतात व तेथून पुढे चालू होतात. मधल्या काळात रिंग हलविली नाही, तर जोड दिसत नाही. मागणी सणासमारंभांना धरून चढउतार करते. गणवेशावरील शाळेची चिन्हे, पोलक्यांच्या बाह्या व पाठ यांवरील नक्षी आणि लग्नातील उपरण्यांवरील नावे ही कामे जोडीला घेतली, तरच वर्षभर यंत्र फिरते. आईसाठीच्या नामवस्त्रांवर एकट्यावर विसंबून राहणे लहान गावात धोक्याचे ठरेल.

निगा : भरलेले वस्त्र उलटे करून थंड पाण्यात धुवावे, पिळू नये. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी. त्याने टाक्यांचा उठाव दबत नाही. सुटलेला दोरा ओढू नये, सुईने उलट बाजूस घेऊन गाठ मारावी. चुकलेले अक्षर उसवावयाचे झाल्यास उलट बाजूने बॉबीनचा दोरा कापत जावे. ताण्याबाण्याच्या कापडावर राहिलेली सुईची छिद्रे नखाने घासून व वाफेने बरीचशी मिटतात. होजिअरीवर ती राहून जातात, आणि त्या जागी पूर्वीपेक्षा थोडे मोठे अक्षर भरणे एवढाच मार्ग उरतो.